पुकारलेलं वजन

नोकरीची शेवटची बारा वर्षं मी शाळकरी पोरांची वजनं केली. कुणाला सांगितलं की हसू येतं. सिस्टर म्हणजे इंजेक्शन, सलाईन, बाळंतपण. वजन काय, भाजीवालाही करतो. खरं आहे. पण भाजीवाल्यानं तोललेलं वांगं घरी जाऊन आरशासमोर उभं राहत नाही. हे मला कळलं, पण फार उशिरा कळलं.

आधी मी सातारा जिल्ह्यात वडूजकडे होते. मग मिस्टरांची बदली झाली म्हणून मीही मागून घेतली आणि सांगली जिल्ह्यात तासगावला आले. दोन्हीकडे काम एकच, शाळा तपासणीचं पथक. एक डॉक्टर, औषधं देणारे फार्मासिस्ट, मी आणि एक गाडी. वर्षातून एकदा प्रत्येक शाळेत जायचं. डोळे, दात, कान, कातडी बघायची, रक्त कमी आहे का बघायचं, उंची-वजन लिहायचं. ज्याचं काही वेगळं दिसेल त्याच्या नावापुढे खूण करायची आणि काही महिन्यांनी त्या खुणेच्या पोरांसाठी परत एक फेरी मारायची. काटा माझ्या ताब्यात. रोज सकाळी वजन ठाऊक असलेला पाण्याचा कॅन त्यावर ठेवून काटा खरं बोलतोय का, ते बघितल्याशिवाय मी गाडीत बसत नसे.

पोरंही काही कमी नव्हती. तालमीत जाणारी, कमी वजनाच्या गटात बसायला बघणारी पोरं सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता यायची. किडमिडीत पोरं खिशात खडे भरून यायची. मी खिसे उलटे करायला लावायचे आणि काट्याशेजारी खड्यांचा ढीग व्हायचा. मुली मात्र श्वास रोखून उभ्या राहायच्या, जणू श्वास घेतला तर काटा वाढेल. ते मी रोज बघत होते आणि त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला वाटत नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वजन म्हणजे खाणं. जास्त खाल्लं की वाढतं, कमी खाल्लं की उतरतं. आमच्या छापील चिठ्ठ्यांवरही तेच होतं: तेलकट आणि गोड कमी करावे, खेळ वाढवावा. किंवा उलट: आहार वाढवावा, हिरव्या पालेभाज्या द्याव्यात. वडूजकडे एका वसतिगृहात मेंढपाळांचा एक मुलगा होता. दिवाळीनंतर आईबाप मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरले की त्याचं वजन घसरायचं, आणि पावसाआधी ते परत आले की भरून यायचं. ताटातलं जेवण तेच, आचारी तोच. आम्ही दोन वर्षं त्याला जंताच्या गोळ्या दिल्या.

तिथलीच दुसरी गोष्ट. आठवीतल्या ओंकारचे वडील फौजेत. पोराचं वजन दर तपासणीला वाढलेलं. आईला बोलावून चिठ्ठी दिली, काही फरक नाही. शेवटी एक दिवस मी घरी गेले. आई ताट वाढून बसलेली, समोर डब्याला टेकवून मोबाईल उभा, आणि मोबाईलमध्ये वडील. पोरगा त्यांच्यादेखत जेवत होता. फोन बंद झाल्यावर ती बाई मला म्हणाली, "आवं सिस्टर, त्यो तिकडं बरफात हाय. फोन लावला की पयलं इचारतो, पोरगं जेवलं का? आन सासू हितं कान दिऊन बसती. पोरगं वाळलं तर बोल कुनाला लागंल?" पोराला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, "मी ताट सरकवलं की आई रडती." सुट्टीवर आल्यावर त्या जवानाला मी शाळेत बोलावलं आणि सांगितलं, फोनवर काय जेवलास विचारू नका, काय खेळलास विचारा. तो कडक सॅल्यूट ठोकून गेला. पोराचं वजन लगेच उतरलं असं नाही, पण त्याची आई अंगणात मोबाईल धरून त्याची सायकल दाखवायला लागली.

ही गोष्ट मी बऱ्याच बैठकांत सांगितली. लोक वाहवा करायचे. पोरांच्या मनातलं आपल्याला कळतं, असं मला वाटायला लागलं होतं. तो ताठा घेऊनच मी तासगावला आले.

तासगावपासून अर्ध्या तासावर द्राक्षबागांचं एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही आणि मुलीचंही बदलते. तिला वैष्णवी म्हणू. तेव्हा ती नववीत होती.

आमची काम करायची पद्धत आधी सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. व्हरांड्याच्या एका टोकाला मी काट्याजवळ उभी. दुसऱ्या टोकाला, उजेडाला, आमचे फार्मासिस्ट साळुंखे रजिस्टर घेऊन बसलेले. मध्ये पोरांची रांग. पोर काट्यावर चढलं की मी मोठ्यानं नाव आणि आकडा पुकारायची, साळुंखे तोच आकडा मोठ्यानं परत म्हणून लिहायचे. म्हणजे चूक व्हायची नाही. ही पद्धत माझीच. हिच्यामुळे आमचं पथक मोठी शाळाही मधल्या सुट्टीपर्यंत उरकायचं, आणि तालुक्यात कुणाला हे जमत नाही याचा मला अभिमान होता.

ऑगस्टचा दिवस. नववीची रांग. वैष्णवी काट्यावर चढली, मी आकडा पुकारला, साळुंख्यांनी परत पुकारला. तो आकडा मी इथं लिहिणार नाही. एकदा सांगितला तेवढा पुरे झाला. रांगेतून एका पोरानं शिट्टी मारली. मी त्याच्यावर खेकसले, "काय रं, तुझ्या बापाच्या घरचं खाती का ती?" त्यावर तर अख्खी रांग हसली. मला वाटलं, मी तिची बाजू घेतली. ती खाली उतरली, चपला पायात न घालता हातात घेतल्या आणि तशीच वर्गात गेली. साळुंख्यांनी नावापुढे खूण केली, मी छापील चिठ्ठी दिली आणि पुढचं नाव घेतलं.

मार्चमध्ये फेरतपासणीला गेलो. बागांची काढणी चाललेली, गावात जागोजागी क्रेट्सच्या गाड्या. खुणेच्या पाच-सहा पोरांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं होतं. वैष्णवी काट्यावर चढली आणि मी आकडा बघतच राहिले. एवढा उतरलेला आकडा मी कधी बघितला नव्हता. काट्यावरून उतरताना तोल सावरायला मी तिचा हात धरला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि हात गारठलेला. खांद्यावर ड्रेस आत घेऊन सेफ्टी पिना लावलेल्या. हे सगळं मला दिसलं. मी न बघणारी सिस्टर नव्हते, हेच वाईट आहे. दिसलं, आणि मी ते बाजूला सारलं, कारण मला आनंद झाला होता.

तिला घेऊन मी तिच्या वर्गात गेले. मला कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या कामात ते बसतही नव्हतं. पोरांना म्हटलं, "बघा, हिच्याकडून शिका. मनावर घेतलं की काय होत नाही? वाजवा टाळ्या." वर्गानं टाळ्या वाजवल्या. शिट्टी मारणाऱ्या पोरानंही वाजवल्या. वैष्णवी हसली. गाडीत बसल्यावर आमच्या डॉक्टरबाई रजिस्टर बघून म्हणाल्या, "सिस्टर, सात महिन्यांत एवढं उतरलं? हिला परत बघायला पाहिजे. पाळी विचारली का?" डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मी म्हटलं, "डॉक्टर, पोरीनं मनावर घेतलंय. चांगलं झालं तरी आपण शंका काढायच्या का?" मी वयाचा मान वापरून त्यांना गप्प बसवलं.

जुलैमध्ये शाळेतून पाटील मॅडमचा फोन आला. त्या वैष्णवीच्या वर्गशिक्षिका. प्रार्थनेला उभी असताना पोरगी कोसळली होती. ग्रामीण रुग्णालयात नेली, सलाईन लावलं, साखर खाली गेलेली, नाडी मंद, पाळी चार महिने बंद. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ओळखलं की पोरगी जेवतच नाही. "सिस्टर, तिची आई तुमची चौकशी करतीय," मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, ओळखीची सिस्टर म्हणून आधाराला बोलावलंय. मी डब्यात मुगाची खिचडी घेऊन गेले.

वॉर्डच्या बाहेर मॅडमनी मला थांबवलं आणि सगळं सांगितलं. वैष्णवीची थोरली बहीण दीड वर्षापूर्वी द्राक्षं नेणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर निघून गेली होती. गावात चर्चा व्हायची ती झाली. त्या दिवसापासून धाकटीचं बाहेर पडणं बंद. आधी ती शाळेच्या खो-खो संघात होती, ते सुटलं. मैत्रिणींकडे जाणं सुटलं. शाळा आणि घर. आई बेदाण्याच्या शेडवर निवडायला, ती दिवस मावळल्यावर यायची. वडील घरात असले तरी बोलायचे नाहीत. पोरगी टीव्हीसमोर एकटी बसून हाताला येईल ते खात राहायची. म्हणजे मी ऑगस्टमध्ये पुकारलं ते एवढं सगळं होतं, आणि चिठ्ठीत लिहून दिलं होतं की खेळ वाढवावा.

"आणि सिस्टर," मॅडम म्हणाल्या, "बहिणीवरून पोरांना तोंडावर बोलता येत नव्हतं, मी कान पिळले असते. पण तुम्ही आकडा सांगितलात ना, त्यांनी त्या आकड्यालाच तिचं नाव करून टाकलं. आता आकडा म्हटल्यावर मी कुणाला काय शिक्षा करणार? वर्षभर तिला कुणी नावानं हाक मारली नाही."

आत गेले. वैष्णवी भिंतीकडे तोंड करून पडलेली. आई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर. मला बघून ती उठली नाही.

"तुमीच का त्या टाळ्या वाजवायला लावल्या त्या?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

"त्या दिवशी पोरगी घरी यिऊन हसत सांगत व्हती बगा. वरसात पयल्यांदा हसली. मी म्हनलं, देव पावला."

मग तिनं बाकीचं सांगितलं. वैष्णवीनं उपास धरले होते. आधी सोमवार, मग गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी. शाळेचा डबा शेडमागच्या कुत्र्यांना जात होता, ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण उपास सगळ्यांना ठाऊक होते. आपल्याकडे उपास करणाऱ्या पोरीला कोण काय म्हणणार? उलट भावकीतल्या बायका येऊन पाठीवरून हात फिरवायच्या. "थोरलीनं नाक कापलं, धाकटीनं राखलं, आसं म्हनायच्या," आई सांगत होती. "मला बी बरं वाटायचं वो. मान वर करून चालायला लागलो आमी. एक डाव म्हनलं, बाई गं, शनवारचा तरी सोड. तर म्हनली, देवाचं हाय, मोडायचं न्हाई."

बोलता बोलता तिचा आवाज चढला. "आता जेव म्हनलं की काय म्हनती ठावं हाय का? सिस्टर ऑगस्टात येनार हायत, काटा घिऊन. येकदा त्यो काटा हू दे, मग जेवती. तुमच्यापायी उपाशी हाय ती. तुमच्यापायी!"

मी तीस वर्षांच्या नोकरीत लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. लसीला पोर रडलं म्हणून खाल्ल्या, गाडी उशिरा आली म्हणून खाल्ल्या. त्यांचं मला कधी काही वाटलं नाही. हे बोलणं मात्र खरं होतं. मी खाटेच्या कडेला बसले.

"वैष्णवी," मी म्हटलं, "माझं चुकलं गं."

ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "काटा आनलाय का?"

"नाही आणला."

"मग ऑगस्टात आनशीला."

"आणीन. पण तुला उभं करणार नाही. माझा शब्द."

ती वळली. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले. "सगळ्यांना केलं आन मला न्हाई केलं, तर पोरं काय म्हनतील? म्हनतील परत वाढली म्हनून सिस्टरनी सोडली."

काट्यावर चढली तरी ती फसली, नाही चढली तरी फसली, आणि तो खोडा मीच घातला होता. खिचडीचा डबा उघडायचं धाडस मला झालं नाही.

तिथल्या डॉक्टरांनी सांगलीला मानसोपचारवाल्यांकडे न्यायला सांगितलं. सलाईननं पोरगी आज उभी राहील, पण जेवणार नाही, आणि असे अजून काही महिने गेले तर हृदयाला धोका आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आई ऐकेना. "थोरली पळाली, धाकटी येडी, आसं म्हनतील. कुनाच्या दारात उभं ऱ्हायाचं आमी?" एरवी मी तिला चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या असत्या, ते माझ्या हातचं काम. त्या दिवशी मी फक्त मार्चमधलं सगळं सांगितलं. हात गार लागला होता, पिना दिसल्या होत्या, डॉक्टरबाईंनी विचारलं होतं आणि मी त्यांना गप्प बसवलं होतं. ती ऐकून घेत राहिली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तुमी आकडा वरडला, तुमीच टाळ्या वाजवल्या. मग आता सांगलीला बी तुमीच या संगं. मी येकटी न्हाई जायाची."

मी गेले. दर पंधरा दिवसांनी, रजा टाकून, एसटीनं. गावात दातांच्या डॉक्टरकडे जातो असं सांगायचं ठरलं होतं. चार-पाच फेऱ्या झाल्यावर शेजारणीनं विचारलं म्हणे, "पोरीला दात हायत तरी किती?"

सांगलीचे डॉक्टर तिला आकड्याकडे पाठ करून काट्यावर उभं करायचे. आकडा स्वतः बघायचे, लिहायचे आणि कागद पालथा ठेवायचे. एक शब्द नाही. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आली नव्हती. आम्हा दोघींना त्यांनी एकच पथ्य सांगितलं: जेव म्हणून मागे लागायचं नाही, आणि जेवली तर शाब्बासही म्हणायचं नाही. पहिलं आईला जड गेलं, दुसरं मला.

सप्टेंबरमधली एक फेरी आठवते. कवलापूर मागे पडलं होतं, गाडी अर्धी रिकामी. आईनं फडक्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, मला दिली, आपण खायला लागली. वैष्णवीपुढे फडकं नुसतं उघडं ठेवलं. थोड्या वेळानं तिनं भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तोंडात घातला. मग दुसरा. आईनं माझ्याकडे बघितलं, डोळे भरलेले. माझ्या तोंडाशी शब्द आला होता, तो भाकरीच्या घासाबरोबर गिळला. आम्ही दोघी दोन बाजूंच्या खिडक्यांतून बाहेर बघत बसलो, आणि सांगलीचं स्टँड येईपर्यंत तिनं अर्धी भाकरी खाल्ली.

पुढं सगळं सुरळीत झालं असं समजू नका. दोन महिने बरे जायचे, मग कुणाचं लग्न निघायचं, तिथं एखादी बाई म्हणायची, "आता कशी भरली गं, बरी दिसती," की पुन्हा आठवडाभर ताट तसंच. कौतुकही तिला लागायचं, हे लोकांना कसं समजावणार? पाळी परत यायला दहा महिने लागले. उपास आईनं स्वतः सोडवले, देवळात नेऊन, देवासमोर, भावकीतल्या बायकांदेखत तिला गूळखोबरं खायला लावलं आणि म्हणाली, "देवाला हिचं पोट रिकामं नगं हाय. कुनाला लय वाटत आसंल तर तुमी धरा उपास." त्या बाईपुढे मी हात जोडते.

खो-खोचं मात्र ती लवकर ऐकेना. पोरीच्या अंगात ताकद आली की खेळू द्या, असं डॉक्टर सांगत होते आणि आईच्या मनात थोरली उभी राहत होती. शेवटी तिनंच तोड काढली. शेडवरून सुटली की मैदानाच्या कडेला येऊन बसायची, खेळ संपेपर्यंत. "राखन म्हना न्हाईतर काय बी म्हना," मला म्हणाली. "पर तिथं बसलं की मला बी जरा वारं लागतं."

त्या ऑगस्टपासून मी पद्धत बदलली. काट्याभोवती हिरव्या कापडाचा आडोसा. आत एका वेळी एकच पोर, आकड्याकडे पाठ. साळुंखे माझ्या शेजारी, मी चिठ्ठीवर लिहून देणार, ते रजिस्टरवर चढवणार. साळुंखे कुरकुरले, "सिस्टर, आशानं शाळा सुटायची येळ हुईल." झाली तर होऊ दे म्हटलं. मधल्या सुट्टीपर्यंत उरकण्याचा आमचा तालुक्यातला मान गेला. डॉक्टरबाईंची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो सिस्टर, मीही जोर लावून बोलायला हवं होतं." पण त्यांचं वय बघता ते ओझं त्यांचं नव्हे.

परवा माझ्या नातीच्या शाळेनं वर्गातल्या सगळ्या पोरांची उंची-वजनं एका यादीत घालून पालकांच्या मोबाईल ग्रुपवर टाकली. खाली पालकांचे हसरे चेहरे, टाळ्या, अंगठे. आम्ही व्हरांड्यात ओरडत होतो ते निदान गावाच्या वेशीपर्यंत राहत होतं. मी शाळेत जाऊन भांडून आले. यादी काढली त्यांनी, पण तोवर ती घरोघर वाचून झाली होती.

वैष्णवी त्याच शाळेत बारावीपर्यंत शिकली. आडोसा आला, पुकारा बंद झाला, तरी आमच्या तपासणीच्या दिवशी ती शाळेत कधी आली नाही. तीन वर्षं तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. पाटील मॅडम म्हणायच्या, "एरवी तापातसुद्धा येती. तुमची गाडी येणार कळलं की घरी थांबती." मला वाईट वाटायचं, पण तो तिचा हक्क होता.

माझी नोकरी संपायला महिना राहिला असताना एका संध्याकाळी त्या गावावरून आमची गाडी जात होती. मैदानावर पोरी खो-खो खेळत होत्या. मी गाडी थांबवायला सांगितलं. हातात काही नव्हतं, पिशवी नव्हती, काटा नव्हता. रुग्णालयात मी चुकलं म्हटलं होतं, पण ते भिंतीकडे तोंड केलेल्या पोरीला. आता नीट समोर बसून बोलावं, निरोप घ्यावा, असं मनात होतं.

कडेला तिची आई बसली होती. तिनं हात केला, सरकून जागा दिली. वैष्णवी रांगेत उकिडवी बसलेली, पुढच्या खोची वाट बघत, मान ताठ, सगळं लक्ष पळणाऱ्या पोरीवर. चांगली दिसत होती. मी एवढंच लिहिते, चांगली दिसत होती. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. तिनं मला ओळखलं. आणि ओळखल्याबरोबर तिनं दोन्ही हातांनी टी-शर्ट धरला आणि पोटावरून खाली ओढला. मागून खो मिळाला होता, तरी ती उठली नाही. टी-शर्ट धरून तशीच बसून राहिली.

आई म्हणाली, "बसा की सिस्टर, आता डाव सपल, मग बोला तिच्याशी."

"नको," मी म्हटलं. "गाडी थांबलीय."

मी उठले आणि भराभरा रस्त्याकडे चालायला लागले. मागून पोरी ओरडत होत्या, "वैष्णे, ऊठ की, पळ!" गाडीपाशी पोचेपर्यंत त्यांचा एकदम गलका झाला, म्हणजे ती उठली असावी. मी वळून बघितलं असतं तर ती पुन्हा थांबली असती. मी गाडीत बसले आणि ड्रायव्हरला चला म्हटलं.